राजकीय हिंसाचार कशाने थांबतो: बंदोबस्ताने की अन्याय दूर केल्याने?

प्रश्न
बाळीवेसकर

सर्वांना नमस्कार. मी सोलापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात आमच्याकडे वादविवाद स्पर्धा झाली. 'राजकीय हिंसाचार रोखण्यासाठी भिंती आणि बंदोबस्त यांपेक्षा अन्यायाचे निवारण अधिक परिणामकारक ठरते' हा विषय मीच दिला होता. विषय देताना उत्तर आपल्याला ठाऊक आहे असे मला वाटत होते, पण गुण भरायला बसले तेव्हा हात अडला.

प्रतिकूल बाजूने बोलणाऱ्या मुलीने इस्रायलचे उदाहरण घेतले. २७ मार्च २००२ रोजी नेतान्या शहरातील एका हॉटेलात सणाच्या जेवणावेळी आत्मघाती स्फोट होऊन ३० जण मारले गेले. त्याच वर्षी वेस्ट बँकेलगत भिंत आणि कुंपण घालायला सुरुवात झाली आणि पुढच्या काही वर्षांत असे स्फोट पुष्कळच कमी झाले. त्यावर अनुकूल बाजूच्या मुलाने ७ ऑक्टोबर २०२३ ची आठवण दिली. गाझाभोवती कॅमेरे, संवेदक आणि जमिनीखाली खोलवर गेलेली भिंत होती, तिचे काम डिसेंबर २०२१ मध्ये पूर्ण झाले होते, तरीही एका सकाळी ती ओलांडली गेली, सुमारे १,२०० माणसे मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली आणि त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारो कुटुंबे उद्ध्वस्त झाली. मुलीने शांतपणे विचारले, "एक दिवस कुंपण तुटलं म्हणून त्याआधी वाचलेले जीव मोजायचेच नाहीत का?" मुलाजवळ या प्रश्नाचे उत्तर नव्हते आणि माझ्याजवळही नव्हते.

शेवटी श्रोत्यांमधला एक विद्यार्थी उठला. तो रोज चार हुतात्मा चौकावरून सायकलने येतो. त्याने विचारले, "मॅडम, आपल्याच गावात १९३० मध्ये झालं ते कशात बसतं?" तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा फडकला होता. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली, गिरणी कामगार रस्त्यावर आले, ८ मे रोजी गोळीबार झाला आणि जमावाचा राग पोलीस चौकीवर व न्यायालयावर निघाला. त्यात पोलीसही मारले गेले. अधिकाऱ्यांनी गाव सोडले आणि काही दिवस सोलापूरचा कारभार लोकांच्याच हाती राहिला. १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. डोक्यावर गांधी टोपी घालणे हासुद्धा त्या दिवसांत गुन्हा ठरला होता. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली.

जुलै १९३० मध्ये सोलापूरचे रस्ते शांत होते. म्हणजे बंदोबस्त यशस्वी झाला असे एखादा अधिकारी त्या महिन्यात निःशंकपणे लिहू शकला असता. मला विचारायचे आहे ते हेच, की अशा शांततेला यश म्हणायचे का? केवळ बंदोबस्ताने हिंसा कायमची थांबली, किंवा कसलाही बंदोबस्त न ठेवता केवळ अन्याय दूर केल्याने ती थांबली, असे एखादे उदाहरण आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे का? मुलांना मला भावनेवर उभे असलेले उत्तर द्यायचे नाही.


उत्तर १
खाकी३३

मॅडम, मी तेहतीस वर्षे पोलीस खात्यात काढली असून त्यातली बरीच बंदोबस्तात गेली आहेत, त्यामुळे माझे म्हणणे एका बाजूला झुकलेले वाटेल. तरी ते स्पष्टच मांडतो. अन्याय दूर व्हायला दहा वर्षे लागतात आणि पिशवीत ठेवलेला स्फोट संध्याकाळी सहा वाजता व्हायचा असतो. त्या दहा वर्षांत रोज संध्याकाळी सहा वाजतात आणि बाजारात माणसे येतात. त्यांना वाचवण्याचे काम कोणीतरी करावेच लागते.

अडथळे कामी येतात याचे मला पटलेले उदाहरण विमानतळाचे आहे. अमेरिकेत १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत विमान पळवण्याचे सव्वाशेहून अधिक प्रयत्न झाले होते. जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली आणि हे प्रकार झपाट्याने घटले. अपहरण करणाऱ्यांच्या तक्रारी तोवर दूर झालेल्या नव्हत्या, त्यांना फक्त शस्त्र घेऊन विमानात चढता येईनासे झाले होते. आपल्या विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की वाचलेले जीव मोजायलाच हवेत, कारण त्यांची नावे कोणालाच कधी कळत नाहीत.

बंदोबस्त कुठे संपतो हेही मी जवळून पाहिले आहे. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावर गोळ्या झाडणारे त्यांचेच अंगरक्षक होते. त्या वर्षी जूनमध्ये सुवर्णमंदिरात लष्करी कारवाई झाली होती आणि शीख रक्षकांना दूर करावे असा सल्ला मिळूनही त्यांनी तो मानला नव्हता. कडे कितीही पक्के केले तरी ते माणसांचेच असते, आणि त्या माणसांच्या मनात बाहेर काय चालले आहे ते आत येतेच. दुसऱ्याच वर्षी पंतप्रधानांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र दल उभे राहिले आणि ते आवश्यकच होते, पण पंजाब काही त्या दलामुळे शांत झाला नाही.

एक लहानशी गोष्ट सांगतो. गड्ड्याच्या यात्रेत, जानेवारीत नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा होम मैदानाकडे जाणाऱ्या वाटांवर बांबूचे कठडे बांधले जातात. माझ्या वरिष्ठांनी मला पहिल्याच वर्षी शिकवले होते की कठडा सलग बांधायचा नाही. एका ठिकाणी बांबूऐवजी नुसता दोर बांधायचा आणि त्या दोराशी उभा राहणारा शिपाई आधीपासून निवडून ठेवायचा. लेकरू हरवलेली बाई, भोवळ आलेला म्हातारा किंवा पलीकडे घर असलेला माणूस त्या दोरापाशी येतो. त्या शिपायाने दोर उचलला की कठडा लोकांना आपला वाटतो, आणि त्याने काठी उगारली की अर्ध्या तासात तोच कठडा लोक उपटून काढतात. दोन्ही प्रकार मी डोळ्यांनी पाहिले आहेत.


उत्तर २
कुंभारीची लेक

मॅडम, खाकी३३ काकांचे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. माझी आई विडी कामगार होती आणि लहानपणी मी तिच्याबरोबर जितके मोर्चे पाहिले तितके चित्रपटही पाहिले नसतील. त्यामुळे आपल्या प्रश्नातील 'अन्याय' हा शब्द माझ्यापुरता सुपात मावण्याएवढा आहे. आई दिवसभरात हजार विड्या वळून कारखान्यात नेई आणि तिथला माणूस त्यातल्या मूठ-दोन मूठ विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढी. त्या विड्यांची मजुरी मिळत नसे आणि त्या परतही मिळत नसत. हजारो बायका वर्षानुवर्षे हे सोसत होत्या. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा आमच्या आळीत पुरुषांच्या हाताला काम उरले नाही आणि विडीवर घरे चालली. एवढे सगळे होऊनही सोलापूरच्या कामगारांनी बंदुका उचलल्या नाहीत. म्हणून अन्याय झाला की हिंसा होतेच, असे जे सरसकट म्हटले जाते ते मला मान्य नाही.

मग फरक कशाने पडतो? मला याचे उत्तर घरांच्या दोन गोष्टींत सापडले.

पहिली गोष्ट उत्तर आयर्लंडची आहे. जून १९६८ मध्ये टिरोन परगण्यातील कॅलेडन नावाच्या खेड्यात सार्वजनिक वसाहतीतले एक घर एका १९ वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला देण्यात आले, आणि मुलेबाळे असलेली कॅथलिक कुटुंबे रांगेतच राहिली. तिथे घराचा प्रश्न मताशीही जोडलेला होता, कारण स्थानिक निवडणुकीत घरपट्टी भरणाऱ्या घरालाच मत होते. डेरी शहरात कॅथलिक लोक बहुसंख्य असूनही प्रभाग असे आखले होते की नगरपालिका प्रोटेस्टंटांच्याच हाती राहावी. ऑस्टिन करी नावाचे लोकप्रतिनिधी त्या घरात जाऊन बसले, त्यांना बाहेर काढण्यात आले, ऑगस्टमध्ये पहिला नागरी हक्क मोर्चा निघाला आणि ५ ऑक्टोबर १९६८ रोजी डेरीतील मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्या मोर्चातील मागण्या घर, मत आणि नोकरी एवढ्याच होत्या.

या गोष्टीचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. त्यातल्या बऱ्याच मागण्या नंतर मान्यही झाल्या. स्थानिक मतदानाचा कायदा १९६९ मध्ये बदलला आणि घरे वाटण्याचा अधिकार १९७१ मध्ये एका स्वतंत्र मंडळाकडे गेला. पण तोवर ब्रिटिश लष्कर रस्त्यावर आले होते, बेलफास्टमध्ये वस्त्यांच्या मधोमध पहिली भिंत उभी राहिली होती आणि त्याच १९७१ च्या ९ ऑगस्टला विनाचौकशी स्थानबद्धता सुरू झाली. पहाटे दारे फोडून नेलेले बहुतेक सगळे कॅथलिक समाजाचे होते. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत सैनिकांच्या गोळ्यांनी १३ जण मेले आणि ते वर्ष त्या संघर्षातले सर्वांत रक्तरंजित वर्ष ठरले. घरांच्या यादीतला अन्याय दूर झाला खरा, पण तोवर बैल गेला आणि झोपा केला अशी गत झाली होती. १९९८ चा शांतता करार होईपर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास माणसे गेली. १९७२ चा तो गोळीबार समर्थनीय नव्हता हे ब्रिटनच्या पंतप्रधानांनी संसदेत मान्य केले ते २०१० मध्ये.

दुसरी गोष्ट आमच्या कुंभारीची आहे. विडी कामगार बायकांनी, नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील संघटनेच्या बळावर, स्वतःच्या घरांची मागणी केली. मोर्चे निघाले, धरणी झाली, कित्येकदा अटकाही झाल्या. आई आदल्या रात्रीच भाकरी बांधून ठेवी, कारण संध्याकाळी सोडतील की नाही याचा नेम नसे. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत लोकांना मिळाली. पुढे तीस हजार घरांचे रे नगर मंजूर झाले आणि त्यातील पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत दिल्या गेल्या. सत्तेवरचा पक्ष बदलला तरी मागणी पुढे सरकत राहिली. आमच्या बायकांना उशीर काही कमी सोसावा लागला नाही, आणि छाट तर नंतरही चालूच होती. पण मोर्चाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी अर्ज घेणारा, निदान घ्यावा लागणारा, माणूस होता. हे दार बंद झाले असते तर आमच्या आळीतल्या एखाद्या पोराने काय केले असते, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्यामुळे हिंसा किती वाढेल हे अन्यायाच्या आकारापेक्षा दाद मागण्याची वाट उघडी आहे की नाही यावर अधिक ठरते, असे मला वाटते. भिंतीचा खरा तोटाही तिथेच आहे. ती स्फोट घेऊन येणाऱ्याला अडवते आणि अर्ज घेऊन येणाऱ्यालाही अडवते.


उत्तर ३
पूर्वभाग

आमचे घराणे मागावरचे आहे. आजोबा सोलापुरात चादरीच्या मागावर होते आणि माझी उमेदीची वर्षे भिवंडीत यंत्रमागाच्या धंद्यात गेली, म्हणून मी भिवंडीबद्दलच लिहितो. मला वाटते मॅडमनी मागितलेल्या उदाहरणाच्या ते सर्वांत जवळ जाते, आणि ते महाराष्ट्रातले असूनही त्याची पुरेशी आठवण ठेवली जात नाही.

भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या होत्या. महाराष्ट्रात कुठे काही झाले की पहिला बंदोबस्त भिवंडीत लागे. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. शांतता समित्या आधीही होत्या, पण त्यांत नेते आणि प्रतिष्ठित मंडळी असत आणि त्या दंगल पेटल्यावर बसत. खोपड्यांच्या समितीत त्या त्या गल्लीतले साधे हिंदू आणि मुसलमान रहिवासी सारख्या संख्येने असत, बैठक नियमितपणे होई आणि तिची जबाबदारी त्या भागातल्या साध्या पोलीस शिपायावर असे.

त्या बैठकांत धर्माची चर्चा फारशी होत नसे. नळाचे पाणी, गटार, रात्रपाळीला मागांचा आवाज, कोणाच्या तरी पोराला विनाकारण चौकीवर बसवून ठेवले, अशाच गोष्टी निघत. मी बसलो होतो त्या एका बैठकीत एका म्हातारबाबांनी, पोलीस आपल्या मुलाला नावाने हाक न मारता शिवी देऊन हाक मारतात, अशी तक्रार शिपायाच्या तोंडावर केली होती. शिपाई गप्प बसला. पुढच्या बैठकीला त्याच शिपायाने त्या मुलाला नावाने हाक मारून खुर्ची आणायला सांगितले. हे लहान वाटेल, पण त्या गल्लीत त्याची चर्चा महिनाभर चालली होती.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. डिसेंबर आणि जानेवारी मिळून तिथे सुमारे ९०० माणसे मारली गेली आणि १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत आणखी २५७. स्फोट घडवण्याचा कट सूडाचा होता, आणि आधीच्या दोन महिन्यांतल्या घटनांची ती प्रतिक्रिया होती हे या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगानेही नोंदवले आहे. मुंबईपासून काही कोसांवरची, दंगलीसाठी बदनाम झालेली भिवंडी मात्र त्या दोन्ही महिन्यांत शांत राहिली. त्या दिवसांत रात्री आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिपाई उभा होता आणि त्याच्या शेजारी समितीतली चार माणसे बसली होती. कोण बाहेरचा आला आणि कोणाच्या घरी काय बोलले गेले, हे त्यांना पोलिसांच्या आधी कळत होते, आणि ते पोलिसांना सांगायला कोणी घाबरत नव्हते.

आता याला बंदोबस्त म्हणायचे की अन्याय निवारण? भिवंडीतली गरिबी तशीच होती. अयोध्येचा प्रश्नही भिवंडीत सुटणारा नव्हता. मोठा अन्याय एकही दूर झाला नव्हता, दूर झाला होता तो पोलीस आणि रहिवासी यांच्यातला रोजचा अपमान. माझ्या मते मॅडमच्या स्पर्धेचा विषय या ठिकाणी अपुरा पडतो. भिंत घातली की पलीकडच्या बातम्या येणे बंद होते आणि मग भिंत आणखी उंच करावी लागते. बेलफास्टमध्ये हेच झाले आहे. करार होऊन पंचवीसहून अधिक वर्षे झाली, २०१३ मध्ये सरकारने दहा वर्षांत भिंती काढण्याचे जाहीर केले, तरी त्यातल्या पुष्कळ आजही उभ्या आहेत, काही फाटके रात्री बंद होतात, आणि काही भिंती तर करारानंतर वाढल्या. तिथले रहिवासीच म्हणतात की काढू नका, आम्हाला भीती वाटते. त्या भीतीला मी खोटी म्हणणार नाही, पण पन्नास वर्षे शेजाऱ्याचे तोंड न पाहिलेल्या माणसाला दुसरे काय वाटणार?


उत्तर ४
टिपणवही

वरची तिन्ही उत्तरे मनापासून लिहिलेली आहेत, तरीही दोन हरकती नोंदवतो, कारण त्या नोंदवल्या नाहीत तर विद्यार्थ्यांना अर्धेच चित्र मिळेल.

पहिली हरकत श्रेयाबद्दल आहे. अडथळा उभा राहतो त्याच सुमारास इतरही काही घडत असते आणि मग यश नेमके कोणाचे हे सांगता येत नाही. विमान अपहरणे १९७३ नंतर घटली हे खरे, पण त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिका आणि क्युबा यांच्यात अपहरणकर्त्यांना आसरा न देण्याचा समझोता झाला होता. काश्मीरमधील नियंत्रण रेषेवरचे कुंपण २००४ मध्ये पूर्ण झाले, पण नोव्हेंबर २००३ मध्ये शस्त्रसंधी झाली म्हणून ते बांधणे शक्य झाले. इस्रायलची भिंत तर सलग कधी पूर्णच झाली नाही. स्फोट कमी झाले त्या काळात लष्करी मोहिमाही चालू होत्या आणि पॅलेस्टिनी गटांनी काही काळ हल्ले थांबवल्याचेही जाहीर केले होते. शिवाय तिचा बहुतांश मार्ग वेस्ट बँकेच्या आतून जातो. त्यामुळे ९ जुलै २००४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागारी मतात तो बेकायदा ठरवला. शेतकऱ्याचे घर अलीकडे आणि त्याची ऑलिव्हची झाडे पलीकडे, असे जिथे झाले तिथे भिंत हीच नवी तक्रार बनली.

दुसरी हरकत मला अधिक महत्त्वाची वाटते. सगळी राजकीय हिंसा अन्यायातून येत नाही. २० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला. त्यानंतर सभेला येणाऱ्यांची झडती घ्यावी अशी सरकारची इच्छा होती, पण गांधीजींनी ती मान्य केली नाही. दहा दिवसांनी त्यांचा खून झाला. त्या खुनामागच्या मंडळींचा कोणता अन्याय दूर केला असता म्हणजे ते थांबले असते? ते मनात ज्याला अन्याय म्हणत होते, तो दुसऱ्या समाजाला माणूस म्हणून वागवण्याचा आग्रह होता. तो 'दूर' करणे म्हणजे न्यायच मोडणे ठरले असते. तिथे एका झडतीने काम झाले असते, आणि हे लिहिताना आजही वाईट वाटते. पुढे त्याच खुनाचा सूड म्हणून महाराष्ट्रात निरपराध लोकांची घरे जाळली गेली. म्हणून 'माझ्यावर अन्याय झाला' असे कोणी म्हटले की तो खरोखर झाला आहे का, हे तपासण्याचे काम टाळता येत नाही.

मॅडमनी शुद्ध उदाहरण मागितले आहे. तसे मला सापडले नाही, पण मिझोराम जवळ येते. १९५९ च्या सुमारास बांबूला फुलोरा आला, उंदीर माजले आणि दुष्काळ पडला. वेळेवर मदत न मिळाल्याचा राग साचत गेला आणि दुष्काळ निवारणासाठी स्थापन झालेल्या संघटनेतूनच मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली. मार्च १९६६ मध्ये उठाव झाला आणि ऐझॉलवर आपल्याच हवाई दलाची विमाने धाडली गेली. पुढच्या वर्षीपासून गावेच्या गावे उठवून रस्त्यालगत कुंपणाच्या वसाहतींत आणली गेली आणि ये-जा ओळखपत्रावर होऊ लागली. बंदोबस्त याहून कडक असू शकत नाही, आणि तरीही बंड वीस वर्षे चालले. ३० जून १९८६ रोजी करार झाला, २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोराम राज्य झाले आणि बंडाचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले. पुढे निवडणुकीत हरल्यावर ते मतपेटीचा निर्णय मानून बाजूला झाले, हे मला त्या साऱ्या कहाणीत सर्वांत मोलाचे वाटते. तरीही लष्कर नसतेच तर ते वाटाघाटीला बसले असते का, याचे उत्तर कोणी ठामपणे देऊ नये.


बाळीवेसकर

सर्वांचे मनापासून आभार. टिपणवही यांची दुसरी हरकत मी मुलांसमोर जशीच्या तशी वाचून दाखवणार आहे, कारण अनुकूल बाजूच्या कोणालाही तो मुद्दा सुचला नव्हता आणि खरे सांगायचे तर मलाही सुचला नव्हता. पूर्वभाग यांनी लिहिलेली बैठक वाचून माझ्या लक्षात आले की विषय देताना मी 'राज्यसंस्था' या शब्दामागे गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या शिपायाला विसरूनच गेले होते. १९३० च्या सोलापुरात लोकांनी आधी चौकीच का फोडली, हा प्रश्नही आता मला वेगळा दिसतो. त्या लोकांना सरकार रोज दिसत होते ते चौकीतच.

खाकी३३ साहेबांना एक विचारायचे आहे. त्या दोरापाशी उभा करायचा शिपाई आपण कोणत्या निकषावर निवडत होतात?


खाकी३३

मॅडम, आपण विचारलेत म्हणून आधी दोन शब्द गडचिरोलीबद्दल लिहितो, कारण निवड करायला मी तिथे शिकलो. नोकरीतली काही वर्षे माझी तिथे गेली. नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी १९९० मध्ये सी-६० पथक उभे केले गेले तेव्हा त्यात स्थानिक तरुण घेतले गेले, कारण बाहेरच्या शिपायाला ना गोंडी कळे ना वाट. आणि त्याच जिल्ह्यात मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तर २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. आधी ज्या बांबूसाठी लोकांना वनरक्षकाच्या दारात उभे राहावे लागे, तोच बांबू ते स्वतःच्या शिक्क्याने विकू लागले. पथक आणि परवाना यांतले एकच पुरेसे होते असे मी कधीही म्हणणार नाही. माझे सोबती तिथे मारले गेले आहेत.

आता आपला प्रश्न. सोलापुरात दोरापाशी मी तोच शिपाई ठेवी ज्याला मराठीबरोबर कन्नड किंवा तेलुगू बोलता येई, दोन्ही येत असतील तर फारच उत्तम, आणि उर्दूला उर्दूत उत्तर देता येई. हरवलेल्या लेकराच्या आईला तुमचे कायदे समजावून सांगायची ती वेळ नसते, तिला तिच्या भाषेतले एक वाक्य हवे असते. दुसरे म्हणजे, तो शिपाई वयाने थोडा मोठा, स्वतः लेकुरवाळा असलेला मी पाही. तरुण पोरांना मी मागच्या फळीत ठेवी. तिसरे म्हणजे, दर दोन तासांनी त्याची पाळी बदलण्याचा नियम मी कधी मोडू दिला नाही, आणि सकाळी त्याच्या पोटात काही गेले आहे ना, हे मी स्वतः जाऊन विचारत असे.